दिवस भरून गेल्यावर

लेक पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आलेली असावी, नववा महिना सरलेला असावा, डिंकाच्या लाडवांचें सामान डब्यांत येऊन पडलेलें असावें, जुन्या मऊ लुगड्यांचीं दुपटीं शिवून, धुवून, उन्हांत वाळवून ठेवलेलीं असावींत, आणि डॉक्टरांनीं सांगितलेला दिवस उगवून मावळावा तरी कळांचा पत्ता नसावा. अशी वेळ पुष्कळ कुटुंबांवर येते. पहिले दोन दिवस थट्टेंत जातात. चौथ्या दिवशीं शेजारपाजारच्या बायका चौकशी करूं लागतात. आठव्या दिवशीं घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘पहिलटकरणीचें लांबतेंच, उगीच घाबरूं नका.’ दुसरा म्हणतो, ‘आतां एक दिवसही थांबूं नका, आजच्या आज शस्त्रक्रिया करून मोकळे व्हा.’ या दोन्ही पक्षांत थोडें सत्य आहे आणि पुष्कळ अज्ञान आहे. तें निवडून वेगळें करावें, एवढ्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे. मराठी शाळेंत मुलांना भाषा व गणित शिकवण्यांत आयुष्य गेलें. परंतु या विषयाची दोन वेळां प्रत्यक्ष गांठ पडली. पहिल्या वेळीं मी काहीं जाणत नव्हतों, आणि दुसऱ्या वेळीं जाणून घेतल्यावांचून राहवलें नाहीं.

एक जुनी हकीकत

१९७५ सालची गोष्ट. मी तेरा वर्षांचा होतों. माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतों, पहिल्या बाळंतपणासाठीं घरीं आली होती. आजीनें महिने तिथींवरून मोजले होते. त्या हिशेबानें दिवस भरून गेले, वर आणखी पंधरवडा गेला, तरी कोणी चिंता केली नाहीं. आजीनें आमच्या घरांतील कितीतरी बाळंतपणें स्वतःच्या हातांनीं निभावून नेलीं होतीं. तिच्या शब्दापुढें शब्द नव्हता.

एके दिवशीं संध्याकाळीं अक्का तिला म्हणाली, ‘आजी, बाळ कालपासून गप्प आहे ग.’ आजी तांदूळ निवडीत होती. ती म्हणाली, ‘अग, पोर खालीं सरकलें, आतां त्याला हालायला जागा कुठली? बाळंतपण जवळ आलें कीं असेंच निवतें.’ अक्काचें समाधान झालें. दोन दिवसांनीं तिला तालुक्याला नेलें. डॉक्टरांनीं पोटावर नळी लावून कान दिला, जागा बदलली, पुन्हां कान दिला, आणि नळी खालीं ठेवली. मुलगा होता. वजनानें चांगला, नखें वाढलेलीं, अंगाची कातडी कोरडी पडून सुटूं लागलेली. रडला मात्र नाहीं.

आजी त्यानंतर बारा वर्षें जगली. पण तिनें पुन्हां कोणाच्या बाळंतपणांत सल्ला दिला नाहीं. मी तिला दोष देत नाहीं. तिला जें ठाऊक नव्हतें तें त्या काळीं पुष्कळांना ठाऊक नव्हतें. आज मात्र तें ठाऊक नसणें क्षम्य नाहीं.

दिवस मोजावे कसे

सर्व घोटाळ्यांचें मूळ बहुधा मोजणींत असतें. ‘नऊ महिने नऊ दिवस’ ही आपली म्हण. परंतु हे महिने कोणते? इंग्रजी महिने धरले तर नऊ महिन्यांचे २७३ ते २७६ दिवस होतात. त्यांत नऊ मिळवले कीं २८२ ते २८५. तेच चांद्रमास धरले तर महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा. नऊ महिन्यांचे २६६, आणि वरचे नऊ मिळून २७५. म्हण एकच, पण दोन हिशेबांत आठवड्याहून अधिक अंतर! वैद्यकशास्त्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे धरतें. जर्मन प्रसूतिवैद्य नेगेले यानें १८१२ सालीं सांगितलेली रीत आजही चालू आहे: पाळीच्या पहिल्या दिवसापासून तीन महिने मागें जावें आणि सात दिवस पुढें यावें. पाळी १० जून रोजीं आली असेल तर दिवस १७ मार्चला भरतात. आणि ज्यांना तिथीच प्रिय असेल त्यांनीं नऊ चांद्रमास व वर एक पक्ष मोजावा. उत्तर जवळजवळ तेंच येईल.

या रीतींतही एक गृहीत आहे. पाळी अठ्ठावीस दिवसांनीं नियमित येते असें त्यांत धरलेलें असतें. जिची पाळी पस्तीस दिवसांनीं येते तिच्या पोटीं गर्भ सुमारें आठवडाभर उशिरां राहतो, आणि मग तिचे दिवस ‘उलटले’ असें वाटतें तेव्हां ते वस्तुतः नुकतेच भरलेले असतात. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत एकदां सोनोग्राफी करून गर्भाची लांबी मोजणें फार मोलाचें. त्या मोजणींत चूक झाली तरी आठवड्याच्या आंतबाहेर असते. शेवटच्या महिन्यांत प्रथमच केलेल्या मोजणींत ती तीन आठवड्यांपर्यंत जाऊं शकते. तो पहिला कागद सोन्याच्या दागिन्यासारखा जपून ठेवावा. हें सांगतांना एक गोष्ट स्पष्ट करतों: सोनोग्राफी दिवस व प्रकृति समजण्यासाठीं आहे, मुलगा कीं मुलगी हें विचारणें व सांगणें दोन्ही १९९४ च्या कायद्यानें गुन्हा आहे.

नेमक्या सांगितलेल्या दिवशीं शंभरांत चार-पांच मुलेंच जन्मतात. तेव्हां तो दिवस टळला म्हणजे काहीं बिघडलें, असें नव्हे. ४१ आठवडे पुरे झाले कीं सावधपणाचा काळ सुरू होतो, आणि ४२ आठवडे पुरे झाले कीं मुदत खरोखर उलटली असें शास्त्र मानतें.

आपल्या पूर्वाचार्यांनाही हा प्रश्न पडला होता. ऋग्वेदाच्या पांचव्या मंडलांत, दहा महिने उदरांत राहिलेलें मूल जिवंत मातेपासून जिवंत बाहेर यावें अशी प्रार्थना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत नववा महिना लागल्यापासून दहाव्यापर्यंत प्रसवकाल सांगितला असून त्यापुढें गर्भाचें उदरांत राहणें हें वैकारिक म्हटलें आहे. सुश्रुतानें मात्र अकरावा व बारावा महिनाही चालवून घेतला आहे. या मतभेदांत आजच्या शास्त्राचा कौल चरकाच्या बाजूचा आहे, हें सुश्रुताविषयीं पूर्ण आदर ठेवून म्हणावें लागतें.

मुदतीनंतर पोटांत काय घडतें

गर्भाचा सारा संसार वारेवर चालतो. मातेच्या रक्तांतील प्राणवायु व अन्नरस वार घेते आणि नाळेच्या वाटेनें बाळास पोंचवते. ही वार कायमची नव्हे. तिचें काम ठराविक मुदतीचें. मुदत उलटल्यावर कित्येक स्त्रियांत तिची शक्ति हळूहळू उणी होते. बाळ तर वाढलेलें असतें, त्याची गरज मोठी. आणि पुरवठा मात्र घटत जातो.

दुसरी गोष्ट गर्भजलाची. हें पाणी उत्तरार्धांत मुख्यतः बाळाच्या लघवीचेंच असतें. आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास तें सर्वांत अधिक, म्हणजे पाऊण लिटराच्या आसपास असतें. पुढें तें ओसरूं लागतें. वारेकडून रक्त कमी आलें कीं बाळाचें शरीर तें मेंदूकडे व हृदयाकडे वळवतें, मूत्रपिंडांच्या वाट्याला थोडें येतें, लघवी कमी होते आणि पाणी घटतें. पाणी घटलें कीं नाळ बाळाच्या अंगाखालीं दबण्याचा संभव वाढतो. म्हणजे पाण्याची पातळी ही वारेच्या प्रकृतीची खूण होय. यांत भर म्हणून कधीं बाळ आंतच शी करतें, आणि तो घट्ट हिरवा मळ श्वासाबरोबर फुप्फुसांत जाण्याचें भय असतें. याउलट वार चांगली राहिली तर बाळ वाढतच जातें, आणि खांदे अडकून प्रसूति कठीण होते.

भय किती, हेंही प्रमाणांत पाहावें. अनेक देशांतील दीड कोटींच्या आसपास गर्भधारणांचा मेळ घालून २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं पोटांत मूल दगावण्याचा संभव ४२ व्या आठवड्यांत हजारांमागें तीनाच्या थोडा वर होता. म्हणजे हजारांतील सुमारें नऊशें सत्याण्णव घरीं सर्व ठीक होतें. परंतु उरलेल्या तीन घरांपैकीं एक आमचें होतें.

पहारा कसा ठेवतात

पहिला पहारेकरी स्वतः आई. बाळाची हालचाल तिच्याइतकी कोणालाही कळत नाहीं. पूर्वीं ठराविक आंकडा सांगत; बारा तासांत दहा वेळां तरी बाळ हाललें पाहिजे, अशी रीत १९७६ च्या सुमारास ब्रिटनमध्यें निघाली. पुढें मोठमोठे प्रयोग झाले, त्यांत केवळ मोजण्यानें मृत्यू घटल्याचें सिद्ध झालें नाहीं. म्हणून आज आंकड्यापेक्षां फरकाला महत्त्व देतात: रोज जसें हालतें तसें आज हालतें कीं नाहीं? शंका आल्यास जेवून डाव्या कुशीवर निवांत पडावें आणि सारें लक्ष पोटाकडे लावावें. दोन तासांत दहा वेळां हालचाल जाणवली नाहीं, किंवा जाणवूनही मनाची खात्री पटली नाहीं, तर त्याच दिवशीं, रात्र असली तरी रात्रीं, इस्पितळांत जावें. ‘बाळंतपण जवळ आलें कीं बाळ शांत होतें’ हें वाक्य आपल्या घरांतून कायमचें हद्दपार झालें पाहिजे. जागा कमी झाल्यानें हालचालींचा प्रकार बदलतो, लाथ मारण्याऐवजीं बाळ वळतें, सरकतें. पण हालचाल थांबत नाहीं.

दुसरा पहारा हृदयाच्या ठोक्यांचा. फ्रान्समध्यें केर्गारादेक या वैद्यानें १८२१ सालीं मातेच्या पोटावर नळी लावून बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकल्याचें जाहीर केलें. अक्काच्या पोटावर लावलेली नळी ही त्याच विद्येची. पण नळीनें ठोके आहेत कीं नाहींत व किती आहेत एवढेंच कळतें. १९५८ च्या सुमारास अमेरिकेंत एडवर्ड हॉन यानें ठोके यंत्रानें सतत नोंदण्याचा मार्ग दाखवला. आज ज्या परीक्षेला डॉक्टर ‘एन. एस. टी.’ म्हणतात तींत आईच्या पोटावर दोन पट्टे बांधतात. एक ठोके टिपतो, दुसरा गर्भाशयाचें आकुंचन. वीस मिनिटें कागद सरकत राहतो. ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत, आणि बाळ हाललें कीं ते वाढावेत. आपण जिना चढलों कीं आपले वाढतात तसेच. वीस मिनिटांत निदान दोन वेळां, पंधरा ठोक्यांनीं व पंधरा सेकंदांपर्यंत वाढले, तर बाळ त्या घटकेस सुखरूप. न वाढल्यास लगेच घाबरण्याचें कारण नाहीं. बाळ झोपलेलें असूं शकतें, म्हणून परीक्षा चाळीस मिनिटांपर्यंत लांबवतात.

तिसरा पहारा पाण्याचा. सोनोग्राफींत पाण्याचा सर्वांत खोल साठा पाहतात. तो दोन सेंटिमीटरांहून कमी भरला तर पाणी कमी झालें असें समजतात. पोटाचे चार भाग कल्पून चारही साठ्यांची बेरीज करण्याचीही रीत आहे, पाच सेंटिमीटरांखालीं बेरीज आली तर ती कमी. पण तिनें विनाकारण धास्ती अधिक वाढते असें आढळल्यामुळें एकाच खोल साठ्याकडे आतां अधिक कल आहे.

शंका उरल्यास चौथी परीक्षा. १९८० सालीं मॅनिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती मांडली. शाळामास्तराला समजेल अशीच ती आहे: पांच विषय, प्रत्येकीं दोन गुण. श्वासासारखी छातीची हालचाल, अंगाची हालचाल, हातपाय आखडून पसरणें, पाणी आणि वर सांगितलेली ठोक्यांची परीक्षा. आठ ते दहा गुण उत्तम, सहा संशयास्पद, चार वा खालीं असल्यास वाट पाहणें योग्य नव्हे.

पहाऱ्याची मर्यादा

येथें वाचकांनीं एक गोष्ट पक्की ध्यानांत धरावी. या परीक्षा आजचें सांगतात, पुढील आठवड्याचें नाहीं. रात्रीं दाराची कडी घातलेली पाहून आलों म्हणजे पहांटेचीही हमी मिळाली असें होत नाहीं. नाळ अचानक दबली तर कालचा चांगला कागद उपयोगी पडत नाहीं. म्हणूनच पहारा एकदां ठेवून भागत नाहीं. ४१ आठवड्यांनंतर तो आठवड्यांतून दोनदां ठेवण्याची रीत आहे. आणि म्हणूनच केवळ पहाऱ्यावर विसंबून अमर्याद थांबूं नये. थांबण्याला शेवटचा दिवस ठरलेला असावा.

हा शेवटचा दिवस कोणता असावा, यासाठीं स्वीडनमधील १४ रुग्णालयांत २०१६ ते २०१८ या काळांत एक मोठा प्रयोग झाला. सुमारें २,७६० स्त्रियांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणें, दोन गट केले. एका गटांत ४१ आठवडे होतांच कळा आणवल्या, दुसऱ्यांत ४२ आठवड्यांपर्यंत वाट पाहिली. वाट पाहणाऱ्या गटांत सहा बालकें दगावलीं. पहिल्या गटांत एकही नाहीं. प्रयोग पुरा न करतां मध्येंच थांबवावा लागला. शस्त्रक्रियेचें प्रमाण दोन्ही गटांत सारखेंच राहिलें, म्हणजे ‘कळा आणवल्या कीं पोट फाडावें लागतेंच’ ही समजूत खरी ठरली नाहीं. आणखी एक सूचक गोष्ट अशी कीं स्टॉकहोमच्या भागांत ४१ व्या आठवड्याला सोनोग्राफीनें बाळाची तपासणी करण्याचा प्रघात होता, आणि दगावलेलीं बालकें त्या भागाबाहेरचीं होतीं. एवढ्यावरून सिद्धांत बांधतां येणार नाहीं. पण पहारा ठेवावा असें मात्र मनांत येतें.

जागतिक आरोग्य संघटनेनें दिवसांविषयीं खात्री असल्यास ४१ आठवडे पुरे झाल्यावर कळा आणवण्याची शिफारस केलेली आहे. ब्रिटनमधील २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें, ज्या स्त्रीला हें नको असेल तिला ४२ व्या आठवड्यापासून आठवड्यांतून दोनदां ठोक्यांची व पाण्याची तपासणी द्यावी. मात्र तपासणीनेंही धोका पूर्णपणें टळत नाहीं हें तिला स्पष्ट सांगावें. कळा आणवणें म्हणजे कात्री-सुरी नव्हे. गर्भाशयाचें तोंड मऊ करणारें औषध, लहानसा फुगा, शिरेंतून थेंबथेंब दिलें जाणारें औषध, असे मार्ग आहेत. वेळ अधिक लागतो, इस्पितळांत राहणें लांबतें, आणि ठोक्यांवर लक्ष ठेवावें लागतें, हें खरें. मधुमेह, रक्तदाब, बाळाची खुंटलेली वाढ असें काहीं असेल तर ४१ आठवड्यांपर्यंतही थांबत नाहींत. तेथें डॉक्टर सांगतील तोच दिवस.

दुसरी हकीकत

२०२३ सालीं माझी धाकटी मुलगी बाळंतपणासाठीं घरीं आली. सांगितलेला दिवस टळला. डॉक्टरीणबाईंनीं तिला हालचालींवर लक्ष ठेवण्यास शिकवलें व तपासणीचे वार ठरवून दिले. मी एक वही केली. तारीख, ठोके, पाणी. पहिल्या तपासणींत सर्व ठीक निघालें. ४१ आठवड्यांवर एक दिवस झाला त्या दिवशीं ठोक्यांचा कागद चांगला होता, पण पाण्याचा खोल साठा १.८ भरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘मास्तर, घाबरण्यासारखें काहीं नाहीं; पण आतां थांबण्यानें लाभही काहीं नाहीं. संध्याकाळीं दाखल व्हा.’

घरीं येऊन सांगितलें. दुसऱ्या दिवशीं अमावास्या होती. आमच्या वहिनी म्हणाल्या, ‘ठोके चांगले आहेत ना? मग दोन दिवस थांबलें तर काय बिघडलें? प्रतिपदा झाली कीं नेऊं.’ माझी पत्नीही घुटमळली. पंचांगावर माझीही श्रद्धा आहे. मी गप्प राहिलों, याची आज लाज वाटते. अक्का कोपऱ्यांत बसली होती. अठ्ठेचाळीस वर्षांत तिनें त्या गोष्टीचा उच्चार केला नव्हता. ती उठली, मुलीच्या खोलींत जाऊन पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, ‘वहिनी, तिथि बघायला मूल जिवंत पाहिजे.’ पुढें कोणी बोललें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं नात झाली. अंगावरची कातडी थोडी कोरडी होती, नखें वाढलेलीं होतीं. अक्कानें तीं बोटें आपल्या हातांत धरून पुष्कळ वेळ पाहिलीं. ती काय आठवत होती तें मी ओळखलें, विचारलें नाहीं.

घरच्या वडीलधाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. गर्भवतीचे दिवस पहिल्या तीन महिन्यांतच निश्चित करून घ्यावे व ते कागदावर लिहून ठेवावे. सांगितलेला दिवस टळल्यास गोंधळ करूं नये, पण ४१ आठवडे पुरे होण्यापूर्वींच डॉक्टरांशीं बोलून पुढील पहारा आणि शेवटचा दिवस ठरवावा. खेड्यांत राहणाऱ्यांनीं यंत्रें व शस्त्रक्रियेची सोय कोठें आहे, तेथें पोंचावयास किती वेळ लागतो, हें आधींच पाहून ठेवावें. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर गाडी बोलावतां येते. पाणी गेलें, रक्त गेलें, हालचाल कमी झाली, तर मुहूर्त, वार, तिथि काहीं पाहूं नये. आणि घरची लेकसून ‘बाळ गप्प आहे’ म्हणाली, तर हातांतलें सूप खालीं ठेवून तिचें ऐकावें. तिच्या त्या एका वाक्याइतकी वेळेवर मिळणारी सूचना दुसरी नाहीं.